क्लचला माक्याचं तेल

पांचाळ सर माझ्याकडं पहिल्यांदा आले ते चिंध्या मागायला. उस्मानाबादच्या आयटीआयमध्ये मी शिवणकाम शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. पोरींचं कटिंग चाललेलं, मशिनींचा खडखडाट, आणि दारात एक उंच, वाळका माणूस उभा. पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट. मला वाटलं, इन्स्पेक्शनला कुणी साहेब आले. मी पदर सावरून उभी राहिले. तर म्हणतात कसे, "मॅडम, चिंध्या हायत का? सुती पायजेत. टेरिकॉटच्या नकोत, त्या तेल पीत न्हाईत."

ते मोटर मेकॅनिक शिकवायचे हे मला नंतर कळलं. त्या सेक्शनला पांढरे कपडे घालून येणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पोरं म्हणायची, सर कशाला हातच लावत न्हाईत म्हणून कपडे मळत न्हाईत. साफ खोटं. सर गाडीखाली आडवे व्हायचे, इंजिनात कोपरापर्यंत हात घालायचे. पण त्याआधी नुसते बघत उभे राहायचे, इतका वेळ की बघणाऱ्याला जांभई यावी. दोन्ही हात पाठीमागं. पोरांनाही तीच शिस्त. गाडी आली, बॉनेट उघडलं, की पोरं पाने घेऊन तुटून पडायची, आणि लगेच सरांचा आवाज यायचा, "हात मागं!" त्या आवाजानं माझ्या पोरींचेसुद्धा पाय मशीनच्या पायटावर थांबायचे.

मग प्रश्न सुरू. गाडीला नाही, गाडीवाल्याला. काल कुठं गेलतात, गाडीत काय भरलतं, संगं कोण होतं, घरी सगळं बरं हाय का. गाडीवाला वैतागायचा. पण सर ऐकायचे नाहीत. "मशीन आपल्या मनानं बिघडत न्हाय," ते पोरांना सांगायचे. "तिच्यासंगं कुणीतरी काहीतरी वागलेलं असतंय. ते आधी इचारा, मग पाना धरा."

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "सर, तुम्ही मेकॅनिक आहात का पोलीस?"

"पोलीस मारून इचारतेत, मॅडम. मी चहा पाजून इचारतो."

ती सगळी दुष्काळाची वर्षं. साखर कारखान्याला ऊस नाही म्हणून त्या हंगामात बॉयलर पेटलाच नव्हता. सहकारी दूध संघाची गाडी तेवढी गावोगाव फिरून मिळेल ते दूध गोळा करायची. त्या गाडीची क्लचप्लेट सारखी जळायला लागली. नवी टाकली की जळाली, परत टाकली की परत तेच. संघाच्या मॅनेजरनं माल बनावट म्हणून दुकानदाराशी भांडण काढलं. शेवटी गाडी आली सरांकडं. सरांनी ती उघडलीच नाही. ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "चल, तुझ्या रूटवर जाऊन येऊ." जळकोटपर्यंत गेले, आले, खाली उतरले आणि मॅनेजरला म्हणाले, "ह्याच्या पायात चप्पल न्हाय."

खरी गोष्ट अशी होती. बालाजी ड्रायव्हरनं तुळजापूरच्या आईला नवस केला होता, पाऊस पडेपर्यंत पायात घालणार नाही. उन्हाळ्यात गाडीचा पत्रा इंजिनाच्या धगीनं तव्यासारखा तापायचा. उजवा पाय एक्सलेटरवर असायचा, त्याचं भागत होतं. डावा पाय टेकवायला जागाच नाही, म्हणून तो गडी दिवसभर क्लचच्या पायटावर पाय ठेवून बसायचा. पायाच्या नुसत्या भारानं क्लच अर्धा दबलेला राहायचा, प्लेट घासायची आणि जळायची. मॅनेजर भडकला. म्हणाला, त्याला चप्पल घालायला लावा, न्हाय तर घरी बसवा. सर म्हणाले, "पाऊस पडंस्तवर तो घालणार न्हाय. आन् पाऊस काय तुमच्या संघाच्या ताब्यात न्हाय." आमच्या सुतारकामाच्या सेक्शनमधून त्यांनी एक फळी आणवली आणि बालाजीच्या डाव्या पायाखाली ठोकून दिली. "नवस त्याचा, फळी आपली." पुढं ती प्लेट कधी जळाली नाही.

क्लच म्हणजे नेमकं काय, हे मला त्या दिवशी चहा पिताना त्यांनी सांगितलं. एकीकडं मोटर फिरत असते, दुसरीकडं चाक उभं असतं. मधी क्लच. "त्याला दोन्ही यायला लागतंय, मॅडम. धरायला बी आन् सोडायला बी. नुसतं धरणारं लई मिळतंय." मी म्हटलं, आमच्या शिलाई मशीनला असलं काही नसतं बाई, बरं आहे.

सर मूळचे माकणीचे. लोहारकीचं घराणं. त्यांच्या कलावतीवहिनी जळकोटच्या, त्याही लोहाराच्याच लेकी. लग्नाच्या आधी बापाचा भाता ओढलेली बाई. दंड असे की माझ्या मापाच्या ब्लाऊजमध्ये त्यांचा एक हात जावा. मूलबाळ नव्हतं, आणि त्यापायी तोंड वाकडं करून बसणारीही ती माणसं नव्हती. सरांचे पांढरे कपडे रोज त्याच धुवायच्या. तेलाचा डाग पडला की आमच्या आयटीआयपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला बोलायच्या, आणि सर खाली मान घालून हसायचे.

ती बाई एका सकाळी टँकरच्या रांगेत कोसळली. घागर एकीकडं, त्या एकीकडं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सगळ्या शब्दांतला एकच शब्द तोंडात उरला, "हां." पाणी पायजे का? हां. नको का? हां. भूक लागली? हां. त्यांना विचारून काही कळायचंच नाही. त्यामुळं हळूहळू सगळ्यांनी विचारायचं सोडून दिलं. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलायला लागले लोक, जशी ती बाई तिथं नाहीच.

मी रविवारी जायची. वाकडा झालेला हात बाहीत घालताना त्यांना कळा यायच्या, म्हणून मी पुढून पूर्ण उघडणारे, नाड्यांचे ब्लाऊज शिवून न्यायची. दिवसा शेजारच्या पद्मिनबाई त्यांच्याजवळ बसायच्या. पद्मिनबाईंचं तोंड तिखट. मला चहा द्यायच्या तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात, कारण मी भीमनगरातली. मी तो पिऊन खिडकीत ठेवायची आणि त्यांच्याकडं टक लावून बघायची. पण वहिनींची वेणी त्या आईच्या मायेनं घालायच्या, हे मी नाकारणार नाही. माक्याचं तेल टाळूवर जिरवून, केस विंचरून, कुंकू लावून. तेलाची बाटली, फणी आणि कुंकवाची डबी कायम उशाशी.

आणि धुणं सर धुवायचे. अंथरुणात झालेलं सगळं. आयटीआयला यायच्या आधी मोरीत बसून सोलापुरी चादरी घासायचे. ती चादर ओली झाली की गड्यालासुद्धा पिळवत नाही. पाणी नितरायचं नाही, चादर वेळेवर वाळायची नाही, आणि वहिनींच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या. डॉक्टर एकच म्हणायचे, अंथरूण कोरडं पाहिजे. गल्लीतली माणसं खिदळायची. पुरुषमाणूस बायकोची घाण धुतो, म्हणून. मला त्या लोकांचा इतका संताप यायचा की एकदोघांना मी रस्त्यात उभं करून बोलले आहे.

मशीन आलं ते कारखान्याच्या गेस्टहाऊसमधून. चेअरमनसाहेबांनी हौसेनं परदेशातून आणवलेलं कपडे धुवायचं मशीन. कारखाना बंद, गेस्टहाऊसला कुलूप, आणि सर त्यांच्या जीपगाड्यांची कामं कायम बघायचे. साहेबांना घरची हकीकत कळली आणि त्यांनी ते मशीन ट्रॅक्टरमध्ये घालून पाठवून दिलं. सगळी गल्ली बघायला जमली. खोलीच्या कोपऱ्यात, मोरीला लागून ते उभं केलं. वहिनींची गादी त्याच खोलीत, पलीकडच्या भिंतीला. खाली मोटर, पट्टा, क्लच, आणि वर टब. मागचं झाकण सरांनी बसवलंच नाही, सारखं पट्ट्याकडं बघावं लागायचं म्हणून. मशीननं पहिल्यांदा चादर पिळून काढली तेव्हा सरांनी ती आधी गालाला लावून पाहिली, मग वहिनींच्या गालाला लावली. "बघ कलावती, किती कोरडी." वहिनी म्हणाल्या, "हां."

पाण्याचा प्रश्न होताच. टँकर येईल तेव्हा येणार आणि घरटी ठरलेल्या घागरी. सर आपल्या वाटणीबाहेर थेंब घेत नव्हते. खळबळलेलं पाणी पिंपात साठवून पुढच्या धुण्याला वापरायचे. तरी बायका कुजबुजायच्या. पद्मिनबाई तर तोंडावर म्हणाल्या, "आमच्या घशाला कोरड, आन् तुमचं डबडं घटाघटा पेतंय, भाऊ."

त्यातच वहिनींचे भाऊ आले जळकोटहून, वामनमामा. माणूस वाईट नव्हता. बहिणीची पाठ बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "भाऊजी, तुमी दिसभर नोकरीवर. ही एकटी भिताडाकडं बघत पडती. आमच्याकडं माय हाय, बायकू हाय, लेकी हायत. द्या मला हिला." सर म्हणाले, दिल्या घरची बाई आहे, ती कुठं जाणार नाही. शब्दाला शब्द वाढला. शेवटी सर म्हणाले, "दसरा झाला की या. तवा अंथरूण वलं दिसलं, न्हाय तर एक जखम वाढलेली दिसली, तर खुशाल न्या. मी आडवा येणार न्हाय." मामा ठीक म्हणून गेले.

त्या दिवसापासून सरांचा सगळा जीव त्या मशीनवर. वर्गात पोरांना "हात मागं" म्हणायचंही विसरायचे. मला म्हणायचे, "मॅडम, ती गेली तर मी त्या घरात जाऊन काय करू?" असं सरळ बोलणारा पुरुष मी दुसरा बघितला नाही. मी म्हणायची, जखमा भरत आल्यात सर, काळजी नका करू. आणि खरंच भरत आल्या होत्या.

खंडेनवमीला आयटीआयमध्ये सगळ्या मशिनींची पूजा असायची. झेंडूच्या माळा, हळद, कुंकू, नारळ. सर दरवर्षी पोरांना बजावायचे, "फुलं वाहा, कुंकू लावा. तेल मातूर क्लचला आन् ब्रेकला लावायचं न्हाय. तितं तेल म्हंजे इख." क्लचमध्ये एकमेकाला घट्ट धरणारं अस्तर असतं, त्याला लायनिंग म्हणतात. त्याला तेल लागलं की पकड सुटते, मोटर फिरत राहते आणि पुढचं काही फिरत नाही. तर त्या वर्षी पूजा आटोपून सर घरी गेले. मी नवा ब्लाऊज द्यायला त्यांच्याबरोबरच गेले होते. दुसऱ्या दिवशी आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, मला सवड नव्हती. आणि परवा वामनमामा यायचे होते.

सरांनी चादरी टाकल्या, बटण फिरवलं. मोटर गुणगुणायला लागली. टब जरासा हलला आणि जागच्या जागी उभा राहिला. चादरी पाण्यात तशाच. परत फिरवलं, परत तेच. थोड्या वेळानं करपल्यासारखा वास आला. सरांनी बटण बंद केलं. हात मागं बांधून बघत राहिले. पट्टा हातानं ओढून पाहिला, ठीक होता. टब हातानं फिरवला, फिरला. "क्लच घसरायलाय," ते म्हणाले. "लायनिंग संपलं." त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला मला. त्या मशीनचं लायनिंग सोलापुरात मिळणार नव्हतं, मुंबईत मिळणार नव्हतं.

मग कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. दारात जाऊन ओरडले, "कुणी हात लावला मशीनला?" गल्ली गोळा झाली. पद्मिनबाई पुढं आल्या तशी सगळी आग त्यांच्यावर. "दिसभर तुमीच होता घरात! पाणी पेतंय म्हणून पोटात दुखत होतं ना तुमच्या? केलं ना बंद?"

"माझ्या लेकरांची आन हाय, भाऊ! मी त्या डबड्याला बोट बी लावत न्हाय. शाक बसंल म्हणून मला भ्या वाटतंय त्याचं. टँकर आलता म्हणून घटकाभर गेल्ते, तेवढंच. तुमच्याच घागरी भराय गेल्ते!"

"मग काय भूत आलतं?"

पद्मिनबाई ढसाढसा रडायला लागल्या. "एवढं करून हे ऐकायचं का मी? उद्यापासनं बघा तुमचं तुमी." आणि गेल्या. मी सरांना म्हटलं, सर, हे काय बोललात? त्यांनी बॅटरी घेतली आणि त्या पांढऱ्या शर्टासकट मशीनच्या मागं जमिनीवर आडवे झाले.

हात आत घातला. बाहेर काढला. बोटं चोळली, नाकाशी नेली आणि तसेच पडून राहिले. मला वाटलं, चक्कर आली का काय.

"मॅडम, इकडं या. वास घ्या."

बोटं तेलकट होती. मी वास घेतला आणि ओळखला. माका. वेणी घालताना रविवारी माझ्याही हाताला लागायचा तो. मी वळून उशाकडं बघितलं. तेलाची बाटली आडवी पडलेली, रिकामी. सरांनी बॅटरी परत आत धरली. मोटरच्या पोटावर कुंकवाचं बोट उठलेलं होतं, जरा फराटलेलं, जमिनीवरून कुणी हात वर नेऊन लावावं तसं.

मी वहिनींच्या अंगावरची चादर बाजूला केली. डावं कोपर सोलून निघालेलं. लुगड्याला मोरीकडची माती. टँकर आल्यावर घरात कुणी नव्हतं तेवढ्या वेळात ती बाई गादीवरून उतरली होती, एका हातानं आणि एका पायानं खोली ओलांडून गेली होती, बाटली आणि डबी बरोबर घेऊन. लोहाराची लेक. खंडेनवमीला भात्याला, ऐरणीला, घणाला तेल-कुंकू लावल्याशिवाय तिच्या घरात कुणी जेवत नव्हतं. तिच्या अंगाखालची घाण जे उपसत होतं त्या मशीनची तिनं पूजा केली होती. आणि परत येऊन गादीवर पडली होती.

सर तिच्याजवळ जाऊन बसले. "तू गेलतीस तितवर?"

"हां."

तो रोजचाच शब्द. पण या वेळी सर तिच्या तोंडाकडं बघत थांबले, आणि ती त्यांच्याकडं. तिचं अर्धं तोंड हसत होतं. मग सर जे रडले, मी तसं रडणं फार कमी वेळा ऐकलं आहे. "सगळ्या गल्लीला इचारलं मी," ते म्हणत होते, "हिला इचारलंच न्हाय. पडल्यापासनं हिला मी काहीच इचारलं न्हाय, मॅडम." मला राहवलं नाही, मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि तिथं रडले.

ते तसेच उठून पद्मिनबाईंच्या दारात गेले. दार उघडलं नाही. बंद दारालाच हात जोडून, चुकलो म्हणून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी फणी घेऊन पद्मिनबाई आल्या, पण सरांशी बोलल्या नाहीत. दसऱ्याच्या दिवशी लोक सोनं वाटत होते आणि सर अंगणात क्लच खोलून बसले होते. लायनिंग पेट्रोलनं धुतलं, उन्हात वाळवलं, पॉलिशपेपरनं हलकं घासलं, वरून वर्गातल्या खडूची पूड चोळली. बसवलं. टबनं असा वेग घेतला की मोरीवरची भांडी वाजली. हे सगळं मला नंतर त्यांनी स्वतः सांगितलं. कुंकवाचं बोट तेवढं पुसलं नव्हतं.

वामनमामा आले त्या दिवशी मी मुद्दाम गेले. मामांनी अंथरुणावरून हात फिरवला. खडखडीत कोरडं. पाठ बघितली, जखमा सुकलेल्या. मोकळेपणानं म्हणाले, "भाऊजी, जिंकलात तुमी." मी मनात म्हटलं, सुटलो.

सर म्हणाले, "थांबा जरा. हिला इचारू."

"ती काय सांगणार हो? ती कशाला बी हां म्हणती."

सर गादीवर बसले, वहिनींचा डावा हात आपल्या हातात घेतला. अगदी सावकाश, एकेक शब्द सांगितलं. "कलावती, वामन न्यायला आलाय. तुझं माहेर हाय, माय हाय. इतं ऱ्हायचं असंल तर माझा हात धरून ठेव. जळकोटला जायचं असंल तर सोड."

वहिनींनी हात घट्ट धरला. बोटांची पेरं पांढरी पडलेली मला दिसत होती. किती तरी वेळ धरला. मी मामांकडं बघितलं, बघा म्हणून. आणि मग त्यांनी सोडला. एकेक बोट उचलत, स्वतःहून. हात आपल्या छातीवर नेऊन ठेवला आणि सरांकडं बघत राहिल्या.

मीच पुढं झाले. "सर, हात भरून आला असेल त्यांचा. परत विचारा."

"न्हाय, मॅडम. इचारलं की उत्तर घ्यावं लागतंय."

त्यांना खरंच माहेरी जायचं होतं, का नवऱ्याला मोकळं करायचं होतं, हे मला आजही कळत नाही. वहिनींचा मला राग आला होता त्या वेळी, सांगते सरळ. एवढं जिंकलेलं घालवलं बाईनं. पण रागवायचं कुणावर? कारखान्याच्या जीपमधून त्या गेल्या. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, दिल्या घरून बाई अशी जाते का कुठं, जगात न्हाई ते.

पण धुणं त्यांनी सोडलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यासारखे आयटीआयमधून निघायचे, धुतलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन जळकोटची एसटी धरायचे आणि रविवारी मळलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन यायचे. मामांच्या घरच्यांना लाज वाटायची. म्हणायचे, भाऊजी, आमी काय धुऊ शकत न्हाय का? सर म्हणायचे, "तुमच्याकडं मशीन न्हाय." एसटीत लोक वासानं नाकाला रुमाल लावायचे. कंडक्टर बोलायचा. सर गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचे.

सोमवारी मला सांगायचे, काय काय विचारलं ते. "मॅडम, मी इचारलं, भाकर आवडती का माहेरची, तर हात दाबला. थंडी वाजती का इचारलं, तर सोडला." त्या दोन-तीन महिन्यांत त्या नवरा-बायकोत जेवढं बोलणं झालं तेवढं सगळ्या संसारात झालं नसेल. सर जरा हसायला लागले होते. पोरांवर ओरडायला लागले होते.

एका शनिवारी सर असेच गेले. त्यांची एसटी सुटली आणि जळकोटकडच्या गाडीनं मामांचा पुतण्या गल्लीत आला. वहिनी पहाटेच गेल्या होत्या. झोपेतच. निरोप घेऊन निघालेलं पोर आणि गाठोडं घेऊन निघालेले सर, दोघं वाटेत कुठंतरी एकमेकांना ओलांडून गेले. पद्मिनबाईंनी मला आयटीआयमध्ये सांगायला माणूस पाठवला. मी घड्याळाकडं बघत बसले. आत्ता तुळजापूर आलं असेल, आत्ता नळदुर्ग. आम्हाला सगळ्यांना माहीत, आणि तो माणूस एकटा कोरड्या चादरी मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेला. वहिनींना आज काय विचारायचं ते मनाशी ठरवत असेल.

माती तिथंच झाली. तिसऱ्या दिवशी राख सावडून सर परत आले तेव्हा मी आणि पद्मिनबाई ओट्यावरच बसलो होतो. सरांनी दाढी केलेली नव्हती, शर्ट मळलेला होता. काखेत तेच गाठोडं. आत जाऊन त्यांनी ते सोडलं. दोन सोलापुरी चादरी, शनिवारी नेल्या तशाच.

"घडी बी मोडली न्हाय, मॅडम," ते म्हणाले.

मी म्हटलं, द्या, मी ठेवते पेटीत. त्यांनी दिल्या नाहीत. कापडावरून हात फिरवत उभे राहिले. "मातीवरनं आलं की घरातलं धुणं काढायचं असतंय ना?" त्यांनी विचारलं. पद्मिनबाई हो म्हणाल्या. सरांनी घरभर बघितलं. वहिनींचं धुवायला दुसरं काहीच उरलं नव्हतं. त्यांनी त्या स्वच्छ चादरी उलगडल्या आणि मशीनमध्ये टाकल्या. पिंपाचं झाकण उघडलं. ते कोरडं ठणठणीत होतं, आणि टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता.

पद्मिनबाई उठून गेल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्या आल्या त्या डोक्यावर स्वतःच्या घरची भरलेली घागर घेऊन. त्यांनी ती मशीनमध्ये ओतली. परत गेल्या, दुसरी आणली, तीही ओतली. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "आनखी लागलं तर सांगा, भाऊ."

सरांनी बटण फिरवलं. टब फिरायला लागला, आणि सर त्याच्याशेजारी भिंतीला टेकून खाली बसले.